भिंतीचा उपवास

भिंत जाड झाल्याचं आमच्या घरात सगळ्यांत आधी कळलं ते लोखंडी कपाटाला. त्याचं दार पलंगाला अडायला लागलं. आईनं पहिल्यांदा कपाटाला दोष दिला, मग पलंगाला आणि शेवटी पलंग तिथं ठेवणाऱ्या आण्णांना. आण्णा म्हणजे माझे वडील, लिंबराज मिस्तरी. चाळीस वर्षं मातीच्या भिंती रचलेला माणूस असल्या आरोपांना उत्तर देत बसत नाही. त्यांनी टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला फोन केला.

"रेवती, तुझ्या भिंतीचं पोट सुटलंय," ते म्हणाले.

कलली का, असं मी विचारलं. ओळंबा सरळ होता. तडा गेला का? तडा जाईलच कसा, ती भिंत तडे टिकू देत नाही म्हणून तर मला डॉक्टरेट मिळाली होती. पलंग भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि भिंतीनं वर्षभरात त्याला अर्धी वीत कपाटाकडं सरकवलं होतं, एवढंच. रोज त्यावर झोपणाऱ्या दोघांनाही पत्ता लागला नव्हता.

आण्णांनी 'तुझी भिंत' म्हटलं ते मला जरा लागलं. नीट वागत होती तोवर ती सबंध जिल्ह्यात लिंबराज मिस्तरींची भिंत होती. पोट सुटल्यावर ती माझी झाली.

सिमेंटवर कार्बन-कर बसला त्याला आता अकरा वर्षं झाली. बघता बघता सिमेंट केशरासारखं पुडीतून विकायच्या लायकीचं झालं आणि सरकारनं नियम काढला, की गावातलं घर गावापासून पाच किलोमीटरच्या आतल्या मातीतच बांधायचं. यात नवीन काय ते आण्णांना कळेना. त्यांनी आजवर एकाही घराला दीड किलोमीटरच्या पलीकडची माती लावली नव्हती. पण तोवर आमच्या खडकूर गावात आणि आसपास माती ओळखणारे दोघेच उरले होते, आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ औदुंबर. बाकी सगळ्यांना फक्त सिमेंट कालवता येत होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, आणि माझं सगळं संशोधन एका खड्ड्यातून निघालं. आमच्या मागच्या अंगणात आण्णांचा मातीचा खड्डा होता. पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण आणि गुळाचं पाणी घालून ते बारा दिवस मुरवायचे आणि रोज सकाळी पायानं तुडवायचे. बारा दिवसच का, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. त्यांच्या वडलांचेही बाराच होते. मी त्या चिखलाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा उत्तर मिळालं. तिथं एक जिवाणू होता. तो गूळ खायचा आणि चिकट धागे सोडून मातीचे कण एकमेकांना बांधायचा. मातीतल्या चुनखडीचे बारीक खडे जुळवून तो भेगाही बुजवायचा. खायला मिळेनासं झालं की स्वतःभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं पडून राहायचा. या अवस्थेला आम्ही बीजाणू म्हणतो. मी त्यातला एक चपळ वाण निवडून प्रयोगशाळेत तीन वर्षं वाढवला. तो मिसळलेल्या मातीची भिंत स्वतःची भेग स्वतः बुजवते. जिल्ह्यात अशी दोनशे चौदा घरं उभी राहिली.

प्रत्येक घराबरोबर मी एक पत्रक दिलं होतं. त्यात चार वाक्यं होती. भिंत जिवंत आहे. तिला उपाशी ठेवू नये. महिन्यातून एकदा दोन लिटर गूळपाणी शिंपडावं. भिंतीला चुना लावू नये.

तिसरं वाक्य कुणीच मनावर घेतलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी खडकूरला गेले. आण्णांच्या फोननंतर आणखी नऊ गावांतून फोन आले होते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडीफार तीच कथा. आमच्या भागात घरात जिवंत कुणी आहे असं कळल्यावर त्याला महिन्यातून एकदा दोन लिटर पाण्यावर ठेवणं ही कल्पनाच कुणाला सहन होत नाही. पाहुण्याला तिसऱ्या भाकरीशिवाय उठू देत नाहीत, तिथं भिंतीनं काय पाप केलं? लोकांनी तिला सणाला पुरणाचा कट दिला, बारशाला घुगऱ्यांचं पाणी दिलं. एका गावात रविवारी मटणाचा रस्सा मिळत होता आणि शेजारच्या माळकऱ्यांनी सामाईक भिंत बाटवल्याची तक्रार ग्रामपंचायतीत दिली होती. त्यात यंदा अधिक महिना आला. जावयांना धोंडे खाऊ घालताना बायकांनी भिंतींनाही हात आखडता घेतला नाही. त्या एका महिन्यात जिल्ह्यातल्या भिंती सरासरी चार बोटं वाढल्या.

आईला मी विचारलं, तर तिनं काही लपवलं नाही. रोज सकाळी ताक, गुरुवारी शिरा पातळ करून, सणाला जे केलं असेल ते. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, कारण घरात उपवास असताना भिंतीला नेहमीचं कसं द्यायचं? मी डोक्याला हात लावला. आई म्हणाली, "मग काय करू? तिकडनं तांब्या ओतल्याचा आवाज येतो की."

तिकडनं म्हणजे पद्मिनकाकूच्या घरातून. ही भिंत वाटणीची होती. अलीकडं आण्णा आणि आई, पलीकडं औदुंबरकाका आणि काकू. पलीकडून ओतल्याचा आवाज आला की आईचा हात आपोआप पातेल्याकडं जायचा, आणि आईच्या पातेल्याचा आवाज ऐकून काकू दुसरा तांब्या भरायची. आपल्या बाजूनं भिंत उपाशी राहिली असं चार माणसांत कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी दोन्ही जावा दोन वर्षं जुंपल्या होत्या. दीड फुटाची भिंत दोन फूट तीन इंच झाली होती.

हसण्यासारखी गोष्ट इथं संपत होती. माझ्या जिवाणूला गरजेपेक्षा जास्त गोड मिळालं की तो वायू सोडतो. हे मला माहीत होतं, ते मी प्रबंधात तळटीपेत टाकलं होतं. वायू चिकट धाग्यांत अडकतो आणि माती इडलीच्या पिठासारखी वर येते. फुगलेली माती दिसायला जाड, पण आतून पोकळ. आमच्याकडं छप्पर म्हणजे माळवद, लाकडी तुळयांवर हातभर माती अंथरलेलं. त्याचं टनावारी ओझं या भिंतीवर होतं. अडीच फुटांच्या पुढं गेली तर भिंत ते पेलणार नाही, असं माझं गणित सांगत होतं. ते गणित मी माझ्या सरकारी प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांना कळवलं, कळवायलाच हवं होतं. आठवड्याच्या आत आदेश आला. तपासणी समिती चोवीस दिवसांनी येईल. सगळ्यांत जुनी म्हणून आमचीच भिंत तपासली जाईल. ती थांबलेली नसेल, तर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा घरं पाडली जातील.

त्या रात्री मी ते पत्रक पुन्हा काढून वाचलं. दोनशे चौदा घरांतली माणसं माझ्या चार वाक्यांवर विश्वास ठेवून राहत होती.

आण्णा बराच वेळ भिंतीवर हात फिरवत बसले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, की माती जागी कशी करायची ते त्यांना येतं, निजवायची कशी ते येत नाही. ते काम कायम पलीकडचा करायचा.

पलीकडचा म्हणजे कोण, हे आमच्या घरात चार वर्षांत कुणी नावानं बोललं नव्हतं. आणि त्याला कारण मी होते.

दोघं भाऊ आयुष्यभर जोडीनं राबले. माती आण्णांची, चुना काकांचा. आण्णांची भिंत वर्षभर वाळली की काका तिला चुन्याचा गिलावा करायचे आणि गुळगुळीत गोट्यानं आरशासारखी घोटायचे. काम करताना एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. मध्ये भिंत, त्यामुळं बोलणं हातानं चालायचं. भिंतीवर दोन थापा म्हणजे पुढं सरक. तीन थापा म्हणजे माल संपला, घेऊन ये. मी लहानपणी अंगणात बसून त्या थापा ऐकायचे आणि मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील आणि काका असेच बोलत असतील.

माझं संशोधन गाजलं तेव्हा त्यावर माहितीपट झाला. त्यातली माहिती मी लिहून दिली होती. चुना जिवाणू मारतो हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं: मातीत चुना कालवला की सगळे गारद. म्हणून मी लिहिलं, की चुन्याचा भिंतीला उपयोग नाही, त्याचा थर केवळ शोभेचा असतो. आणि पडद्यावर नावं आली. लिंबराज मिस्तरी, पारंपरिक कारागीर. त्याखाली बारीक अक्षरांत, औदुंबर मिस्तरी, सहायक. माहितीपट गावात, समाजमंदिरात, सगळ्यांसमोर दाखवला. काका शेवटपर्यंत बसले, उठले, धोतर झटकलं आणि आण्णांना म्हणाले, घर वाटून घेऊ. आण्णांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण भावाची समजूतही घातली नाही. मोठ्या भावानं आधी बोलायचं की धाकट्यानं, यातच वर्ष गेलं. मग मधोमध, तुळयांखाली भिंत घातली. काकांची अट एकच होती, की तिला ते हात लावणार नाहीत. आण्णांनी ती एकट्यानं, बिनचुन्याची, माझ्या जिवाणूची जिल्ह्यातली पहिली म्हणून रचली.

सकाळी मी पलीकडच्या घरी गेले. आमच्या उंबऱ्यापासून त्यांचा उंबरा बारा पावलांवर आहे, आणि मी चार वर्षांत तेवढी चालले नव्हते. काकूनं आधी ताट वाढलं, मग का आलीस ते विचारलं. तिच्या बाजूला भिंतीतला देवांचा कोनाडा इतका उथळ झाला होता, की सगळे देव काठावर येऊन उभे होते. खंडोबाला तिनं दोऱ्यानं खिळ्याला बांधून ठेवलं होतं.

काका ओट्यावर चुनाळू, तंबाखूच्या चुन्याची डबी, हातात घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. चोवीस दिवस, दोनशे चौदा घरं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं,

"सहायक म्हंजे काय गं?"

"मदत करणारा."

"मग मी कुणाला मदत केली? भिंतीला का लिंबादाला?" त्यांनी आण्णांचं नाव घेतलं आणि स्वतःच दचकल्यासारखे थांबले. "त्यानं भिंत रचली. ती तीस तीस वर्षं उभी ऱ्हायली ती कुणामुळं? रचून तर उंदीरबी बीळ रचतंय."

मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली. मला चुना कळला नव्हता आणि तुम्हाला विचारायचं सोडून मी लिहून टाकलं."

"ते भिंतीला आधी कळलं, मग तुला," काका म्हणाले. मी माहितीपट बदलून घेते म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. सिनेमा राहू दे म्हणाले, तो कोण बघतंय आता. त्यांनी दोन अटी घातल्या. चुना ते सांगतील, पण करायचा मी, माझ्या हातानं, सुरुवातीपासून. आणि भिंत आधी अकरा दिवस उपाशी राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंनी, एक घोटही नाही. ओल्या आणि फुगत्या भिंतीवर चुना धरत नाही, पापड सुटावा तसा सुटतो.

मग नुसती उपाशीच ठेवली तर? असंही मी विचारलं. काका म्हणाले, भेगा पडतील. भेगा पडल्या की ती जागी होईल आणि जागी झाली की पुन्हा मागेल. तिला झोप लागली पाहिजे.

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ लाजही वाटली. मी चुना मातीत कालवला होता, म्हणून जिवाणू मेले. काका चुना वरून लावत होते. चुन्यानं बाहेरचा बोटभर थर निर्जीव होणार, ओल आणि हवा बंद होणार, आणि आतले जिवाणू उपाशी आहेतच, ते बीजाणू होऊन पडून राहणार. कुठं भेग पडली, ओल शिरली, तर तेवढ्याच जागी जागे होणार, भेग बुजवणार आणि पुन्हा झोपणार. मी अर्धाच शोध लावला होता. उरलेला अर्धा चुनाळू घेऊन ओट्यावर बसला होता.

उपवास कुणी पाळायचा हा प्रश्न नव्हता, कुणी पाळला की नाही हे बघायचं कुणी, हा होता. आईचा काकूवर विश्वास नव्हता आणि काकूचा आईवर. मी सेन्सर लावते म्हटलं, तर दोघींचा सेन्सरवर विश्वास नव्हता. शेवटी काकूनंच तोड काढली. आईनं दिवसभर काकूच्या घरात भिंतीपाशी बसायचं आणि काकूनं आमच्या घरात. प्रत्येकीनं दुसरीची बाजू राखायची.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. दोघी एकमेकींच्या घरात बसल्यावर दोन्ही चुलींवर स्वयंपाक कोण करणार? पहिल्याच दिवशी काकांच्या ताटात आईची शेंगदाण्याची चटणी आली आणि आण्णांच्या ताटात काकूचं बेसन. काकांनी एक भाकरी जास्त खाल्ली. आण्णांनी बेसन चाखलं, मीठ जास्त आहे म्हणाले आणि पातेलं पुसून घेतलं. चौथ्या दिवसापासून दोघी दुपारी अंगणात येऊन एकत्र निवडण-टिपण करायला लागल्या. सातव्या दिवशी एकादशी होती. आईला राहवलं नाही. पदराखाली वाटीभर भगर घेऊन ती आमच्या बाजूच्या भिंतीकडं निघाली, आणि काकूनं तिला दारातच गाठलं.

"आक्का, तिचाबी आज उपासच हाय," काकू म्हणाली आणि वाटी काढून घेतली. मग दोघींनी मिळून ती भगर खाल्ली.

या दिवसांत मी चुना शिकत होते. चुनखडे पाण्यात टाकले की पाणी आपोआप उकळतं, हे मी रसायनशास्त्रात शिकले होते. त्याची वाफ नाकात गेली की काय होतं, ते पुस्तकात नव्हतं. चुना विझवायचा, गाळायचा, भिजत ठेवायचा आणि घाणीत दळायचा. घाणीला बैल कुठून आणणार? काकांनी एका निकामी इलेक्ट्रिक स्कूटरला दगडी चाक जोडलं होतं. ती गोल गोल फिरायची आणि वळणावर आपोआप इंडिकेटर लावायची. चुन्यात बेलफळाचा गर पडायचा, हिरड्याचं पाणी पडायचं आणि गूळही. गूळ बघून मी थबकले, म्हटलं हे तर जेवण झालं. काका म्हणाले, "निजायच्या आधी एक घास लागतोच की."

पाचव्या दिवशी माझी बोटं फाटली. काकांनी खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवली, पण काम थांबवू दिलं नाही. रोज संध्याकाळी ते माझ्या घाणीतला चुना दोन बोटांत घेऊन बघायचे आणि म्हणायचे, अजून. मला रडू यायचं. मग मी आणखी दळायचे.

बाराव्या दिवशी सकाळी काकांनी भिंत चाटली. खरंच चाटली. सुकलेली माती जिभेतली ओल ओढून घेते आणि जीभ क्षणभर चिकटते. चिकटली नाही, तर भिंत अजून ओली आहे. काकांची चिकटली. त्यांनी मला चाटायला लावली, माझीही चिकटली, आणि मी तशाच जिभेनं हो म्हणायला गेले ते कुणाला कळलं नाही. पलीकडं आण्णांनी त्यांची बाजू चाटली असावी, कारण भिंतीच्या त्या अंगाला घसा खाकरल्याचा आवाज आला.

एक अडचण उरली होती. चुना दोन्ही बाजूंना एकाच दिवशी आणि एकाच चालीनं चढायला हवा होता. एक अंग बंद आणि एक उघडं राहिलं, तर आतला उरलासुरला वायू उघड्या बाजूनं भिंत फोडून निघाला असता. काकांच्या बाजूला काका आणि मी. आमच्या बाजूला आण्णा. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की ते काम करतील, बोलणार नाहीत. काका म्हणाले, कोण बोला म्हणतंय?

मी घमेली भरून दोन्ही घरांत नेऊन ठेवली. काकांनी थापी उचलली, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पहिला हात मारला आणि तळव्यानं भिंतीवर दोन थापा दिल्या.

पलीकडून काहीच आलं नाही. मग दोन थापा आल्या.

त्यानंतर तीन तास मी चुना वाहिला, काकांनी माझ्यासाठी सोडलेला एक कोपरा लिंपला आणि ऐकलं. दोन थापा, सरक. पुन्हा दोन, सरक. दोघांमध्ये दोन फूट तीन इंच माती होती आणि दोघांचे हात एकाच वेळी एकाच उंचीवर चालत होते. वेगळं व्हायला त्यांनी भिंत घातली होती, आणि या दोघांना जोडीनं राबायची हीच एक रीत ठाऊक होती. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी चुन्यावर ढकललं.

छातीच्या उंचीवर आल्यावर काका थांबले. त्यांनी भिंतीला कान लावला आणि तीन थापा दिल्या.

मी घमेल्याकडं पाहिलं. ते अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात काकांनी डोळ्यांनी मला गप्प बसवलं.

पलीकडं थापी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दार वाजलं. मग अंगणातून पावलं, एक, दोन, बारा. आण्णा चुन्याचं घमेलं दोन्ही हातांत धरून काकांच्या दारात उभे राहिले. चाळीस वर्षांची सवय होती, तीन थापा ऐकल्यावर पाय आपोआप निघाले होते. उंबऱ्याच्या आत आल्यावर त्यांना आपण कुठं आलो ते कळलं. त्यांनी भरलेलं घमेलं पाहिलं.

"संपला न्हाई की," आण्णा म्हणाले.

"न्हाई संपला," काका म्हणाले. "तुझा हात मंद झाल्ता. म्हटलं दम लागला का काय, बगावं."

आण्णांनी घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "गुडगा दुखतोय." काकूनं पाट दिला. ते बसले, पाणी प्याले आणि काकांच्या बाजूचा गिलावा खालपासून वरपर्यंत नजरेनं तपासून म्हणाले, की कोपऱ्यात जरा पातळ बसलाय. काका म्हणाले, कोपरा रेवतीनं केलाय. मग दोघं मिळून मला बोलले. चार वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, म्हणून मी ते आनंदानं ऐकून घेतलं.

दुपारच्या आत भिंत पूर्ण झाली. नंतरचे तीन दिवस ती ओल्या पोत्यांनी झाकली आणि आम्ही तिघांनी गोट्यानं घोटली. मी रोज कोपऱ्यातून आतपर्यंत बारीक सळई घालून कणभर माती काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पाचव्या दिवशी सगळे जिवाणू कवच करून पडले होते. काकांना मी ते दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि आवाज न करता उठले. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, की बाई, आता तिथं लई खुडबुड करू नको.

चोविसाव्या दिवशी समिती आली. अध्यक्ष एक निवृत्त अभियंते होते, बरोबर सचिव आणि तीन पेट्या यंत्रं. त्यांनी भिंतीची जाडी बारा ठिकाणी मोजली, ध्वनिलहरी सोडल्या, तुळईखाली दाब तपासला. जाडी चुना सोडून दोन फूट तीन इंच, माझ्या नोंदींशी ताडता दहा दिवसांत फरक शून्य. वरचा चुन्याचा थर दगडासारखा झाला होता आणि दाब तोच सहज पेलत होता. अध्यक्षांनी विचारलं, की लेप चढवण्याआधी आर्द्रता कशानं मोजली? काकांनी सांगितलं. अध्यक्षांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सचिवांनी रकान्यात 'जिव्हा-परीक्षण' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

घरं पाडायची नाहीत, दोनशे चौदाही घरांच्या भिंतींना हाच विधी करायचा, आधी अकरा दिवसांचा उपवास, मग चुना, असं अध्यक्षांनी तिथंच सांगितलं. आईनं तोंडाला पदर लावला. काकू शिरा करायला आत पळाली. समितीला तीन-तीन वाट्या खाल्ल्याशिवाय उठू दिलं जाणार नव्हतं, आणि यावेळी कुणी भिंतीकडं बघतही नव्हतं.

जाण्याआधी सचिवांनी नोंदवही उघडली. काम केलेल्यांची नावं आणि हुद्दे हवे होते. मी सांगायला लागले. लिंबराज मिस्तरी, मुख्य कारागीर, माती. औदुंबर मिस्तरी, मुख्य कारागीर, चुना. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा, असंही म्हटलं, आणि सचिवांना ते विचित्र वाटलं. मग त्यांनी मान न उचलता विचारलं, आणि आपण?

माझा हुद्दा माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर दोन ओळींत छापलेला होता. काका ओट्यावर बसून गोटा फडक्यानं पुसत होते. त्यांचा हात थांबला होता.

"सहायक," मी म्हटलं.

सचिवांनी वर पाहिलं, ओळखपत्र वाचलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी काकांकडं पाहिलं.

"नवीन हाय," काका म्हणाले, आणि गोटा पुन्हा पुसायला लागले. "पर हात बरा हाय तिचा."